नागपूरच्या प्रवचनातलं एक वाक्य

आमचे हे, म्हणजे गजाननराव, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या गुरूंची, महाराजांची प्रवचनं कागदावर उतरवतात. जुनी रेकॉर्डिंग कानाला लावायची, ऐकत ऐकत कंप्युटरवर टाइप करायची, अक्षर मोठं करायचं, टिपणांसाठी रुंद समास सोडायचा आणि घराजवळच्या बेहालाच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायची. विकायला नाही, घरी बसून अभ्यासाला. महाराज खोकले तर तेवढंच काय ते लिहायचं बाकी ठेवतात! एकदा महाराजांनी सांगितलेलं एक साल चुकीचं आहे असं मी दाखवलं, तर हे म्हणाले, "ते बोलले तसंच राहणार." या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

गेल्या दुर्गापूजेच्या तोंडावर माझ्या नणंदेचा, सरलाचा मुलगा डेंग्यूनं गेला. अनीश, एकुलता एक, कॉलेजात शिकणारा. सरला याच शहरात सियालदह स्टेशनजवळ राहते, पण त्यानंतर ती कुणाशी धड बोलत नव्हती. रडलीही नव्हती, त्याचीच मला जास्त धास्ती होती. परवा अचानक तिचा फोन आला.

"दादा, महाराजांचं ते नागपूरचं प्रवचन छापून देशील? दुःखावरचं. आवाज ऐकवत नाही मला. वाचेन."

बहीण काहीतरी मागतेय म्हटल्यावर हे जेवण अर्धवट टाकून कंप्युटरपुढे बसले. थोड्या वेळानं बघते तर हेडफोन गळ्यात आणि नजर पडद्यावर खिळलेली. मी वाकून वाचलं. 'ज्या आईचं मूल अकाली जातं, तिनं मागल्या जन्मी कुणाच्या तरी लेकराला छळलेलं असतं.'

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"काढा ते आधी."

"विमल, महाराजांचा शब्द आहे तो."

"आणि ती तुमची बहीण आहे! हे वाचून तिनं जिवाचं काही बरंवाईट केलं म्हणजे?"

यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावले. त्यानंतर घरात फक्त भांड्यांचा आवाज होता, आणि तो मी मुद्दाम करत होते. दुसऱ्या दिवशी हे छापून घेऊन आले. मी कागद हातातून जवळजवळ ओढूनच घेतले. ते वाक्य नव्हतं. यांचा चेहरा मात्र देवळात चोरी करून आल्यासारखा झाला होता.

सरला संध्याकाळी आली आणि चहालाही न थांबता वाचायला बसली. ती एकेक पान उलटत होती. एका पानावर ती थांबली. मागचं पान पाहिलं, पुन्हा तेच पान पाहिलं.

"दादा, इथे एक वाक्य होतं."

"अगं, रेकॉर्डिंग जुनं आहे," मी घाईनं म्हटलं. "मधेमधे ऐकूच येत नाही." शुद्ध थाप मारली मी.

"वहिनी, मी होते त्या प्रवचनाला. नागपूरला, सासरी असताना. अनीश माझ्या मांडीवर झोपला होता." तिचा आवाज अगदी सपाट होता. "शेजारी एक बाई बसली होती, नुकतंच मूल गेलेली. ते वाक्य ऐकून मी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पटलं होतं मला. आता अनीश गेल्यापासून तेवढंच डोक्यात घुमतंय. खरंच म्हणाले होते का ते, की माझ्याच मनाचा खेळ आहे? दादा, तू तर एक अक्षर इकडचं तिकडे करत नाहीस. म्हणून तुझ्याकडे मागितलं."

मी यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते. नाही म्हणा, एकदा तरी खोटं बोला! पण छे.

"म्हणाले होते," हे म्हणाले.

सरलाचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही उठून निघून जाणार, आणि कुठे जाईल देव जाणे, असं मला वाटलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"मग काढलंस का?"

"खोटं आहे म्हणून," हे म्हणाले. "महाराज म्हणाले तरी खोटं आहे. तू काही केलं नाहीस, सरू."

तिनं भावाचा हात धरला, त्यावर कपाळ टेकवलं आणि अनीशचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली.