दाराबाहेरची मेझुझा

माझा विश्वास कच्चाच होता, हे आधीच सांगून टाकते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून मुंबईत आलेले मराठी ज्यू. आमच्यात अडलंनडलं की एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलतात. हा नबी, म्हणजे प्रेषित, कुणाच्याही रूपात मदतीला येतो, असं आई सांगायची. मी नुसती मान डोलवायची, आणि भिजवलेल्या पोह्यांचा, खोबरं-साखरेचा मलिदा मात्र मिटक्या मारत खायची.

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असते. बोटाएवढी डबी, आत प्रार्थनेची गुंडाळी. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. ती खरं तर दाराबाहेर हवी, पण आमच्या घरी ती आतल्या बाजूला असायची. याचं कारण आईच्या लहानपणात होतं. महायुद्ध संपल्यावर आजोबा नोकरीसाठी सगळ्यांना घेऊन इंग्लंडला गेले, उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात. आई सात वर्षांची होती. दूरदेशी ज्यू बंडखोरांनी इंग्रज शिपाई मारले आणि त्याचा राग गावातल्या ज्यूंवर निघाला. जमाव काचा फोडत गल्लीत शिरला. आमची सावळी माणसं ज्यू असतील हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, पण दारावरची मेझुझा दिसली आणि खिडकीतून दगड आले. आजीच्या कपाळाला खोक पडली. शेजारच्या धोबिणीनं सगळ्यांना मागच्या दारानं नेऊन आपल्या कोळशाच्या खोलीत लपवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मेझुझा काढून आत ठोकली. पुढे ते मुंबईला परतले, तिथे कुणी कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, तरी मेझुझा आतच राहिली. नोकरीसाठी सिंगापूरला आल्यावर यिशुन वस्तीतल्या फ्लॅटमध्ये मीही ती आतच लावली. का, असं स्वतःला कधी विचारलंही नाही.

आई माझ्याकडे आली तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती आणि तिला विसरायला होऊ लागलं होतं. त्या आठवड्यात घरमालकानं दाराची चौकट रंगवून घेतली. रंगाऱ्यानं मेझुझा काढून ठेवली होती, ती काम संपल्यावर बाहेरच्या बाजूला घट्ट बसवून तो निघून गेला. ती बाहेर दिसताच आधी काढून टाकावीशी वाटली. स्क्रूड्रायव्हर शोधला, मिळाला नाही. रविवारी काढू म्हटलं. आळस माझ्या पाचवीला पुजलेला.

शुक्रवारी मी घरूनच काम करायची. चारच्या सुमाराला चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसशी माझा कॉल चालू होता. तो संपवून उठले तर दार उघडं आणि आई नाही. तिच्या खिशात मी ठेवायची ती पत्त्याची चिठ्ठी दुसऱ्या कपड्यांत राहिलेली. खालचे बाक, बाजार, बस स्टॉप, सगळं पालथं घातलं. यिशुनचे ब्लॉक, म्हणजे उंच इमारती, एकासारखे एक, तिला आपला कुठून ओळखू येणार? पोलिसांना फोन केला, त्यांनी फोटो मागितला. दोन तास उलटून गेले होते. आईचा अलीकडचा फोटोही माझ्या फोनमध्ये नव्हता, याची फार लाज वाटली. फोटो आणायला लिफ्टनं वर निघाले आणि तोंडातून आपोआप निघालं, "एलियाहू हन्नबी, एवढी आई सापडू दे, मलिदा करीन." लहानपणानंतर पहिल्यांदाच.

लिफ्टचं दार उघडलं. आमच्या दारासमोर आई उभी होती, उजवा हात मेझुझावर. मागे एक म्हातारे चिनी गृहस्थ. त्यांच्या पिशवीतली पालेभाजी पार मलूल झाली होती. त्यांनीच सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "आंटी दारांना हात लावत फिरत होती, लाह. काय शोधते ते मला कळलं नाही. म्हटलं, आपणही बरोबर शोधू." ते आईबरोबर चार ब्लॉक हिंडले होते, मजल्यामागून मजला.

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. इतका निवांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. "बाबांनी परत बाहेर लावली," ती म्हणाली. "म्हणजे आता भीती नाही ना गं?"

"नाही गं आई," मी म्हटलं, आणि तिथेच चपलांच्या ढिगाशेजारी बसून रडले.

ते गृहस्थ पाणी पिऊन गेले. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. संध्याकाळी आईला शेजारी बसवून शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावला. रविवारी मलिदा केला आणि एक ताट घेऊन त्यांना शोधायला निघाले. चारही ब्लॉकमध्ये विचारलं, पण कुणी ओळखेना. असतील जवळपास राहणारे एखादे साधे गृहस्थ. ती धोबीणही साधीच बाई होती. मी ते ताट खालच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये वाटून टाकलं.

आईला जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या शुक्रवारी माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि जे हवं होतं ते दारावर आधीच लावून ठेवलेलं होतं. हे कसं, ते मी कुणाला पटवायला जात नाही, हात जोडते. गेल्या महिन्यात सिंगापूरमध्येच पाया लेबार भागात राहायला आले. मी अजून भित्रीच आहे. पण सामानातून सगळ्यात आधी नवा स्क्रूड्रायव्हर काढला आणि मेझुझा बाहेर लावली.