मावशीचं नाक

कानवाल्यांचं खरं नाव काय, हे पथकातल्या कुणालाच धड सांगता आलं नसतं. हजेरी घेणारासुद्धा त्यांना ‘कानवाले’ म्हणूनच हाक मारायचा. हरवलेली माणसं वासावरून शोधणाऱ्या कुत्र्यांच्या पथकात ते देखभालीला होते, आणि या जातीचे कान असे की पार जबड्याखाली लोंबतात. आत वारा लागत नाही, ओल धरते, आणि चार दिवस कुणी लक्ष दिलं नाही की जवळ उभं राहवत नाही. म्हणून रोज सकाळी कापूस, थेंबांची बाटली आणि मांडीवर एक जड डोकं. असं करता करता कानवाल्यांचे केस पिकले. साहेब बदलले, कुत्र्यांच्या दोऱ्या धरणारे हँडलर बदलले, बढत्या झाल्या त्या त्यांच्या. कानवाले कानांपाशीच राहिले.

काम सोपं होतं, म्हणजे न करणाऱ्याला तसं वाटायचं. पाणी खोल आणि अरुंद भांड्यात द्यायचं, नाहीतर तोंडाआधी कान पितात. खाणं दोन वेळा विभागून, आणि खाल्ल्यावर पळू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडून धडधाकट कुत्रं हातचं जातं. लाळ पुसायची, गळ्याखालच्या वळ्या कोरड्या करायच्या, नखं बघायची. फरशी नुसत्या कढत पाण्याने धुवायची, कारण फिनाइलने त्यांचं नाक मरतं. त्याच कारणासाठी कानवाल्यांनी स्वतः वासाचा साबण सोडला होता. घरी निराळीच तऱ्हा. नातवाला कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची, त्यामुळे बायको त्यांना दारातच अडवायची, अंगावरचे कपडे बाहेरच्या बादलीत टाकायला लावायची आणि आंघोळ झाल्याशिवाय पोराला हात लावू द्यायची नाही. तिचं चुकत नव्हतं. पण दिवसभर ज्यांचं करून आलो त्यांचा एक केस घरात चालत नाही, हे त्यांना लागायचं, आणि तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

या सगळ्या कुत्र्यांत त्यांचा जीव एका कुत्रीवर होता. तिला सगळे ‘मावशी’ म्हणत. कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली लोंबती कातडी, लग्नघरी कुणी बसायला खुर्ची दिली नाही असा कायमचा चेहरा. खाण्याच्या बाबतीत अट्टल चोर. साहेबांचा डबा तिने एकदा झाकणासकट लंपास केला होता. पण कापडाचा तुकडा हुंगवला की हीच मावशी दुसरीच कुणी व्हायची. एरवी तिच्या तोंडून आवाज निघत नसे. ज्याचा माग काढला तो माणूस जवळ आला, की मात्र घशातून एक लांबलचक हाक यायची. काटेरी रानात भरकटलेला एक म्हातारा तिने जिवंत शोधून काढला, तेव्हा फोटो निघाला. फोटोत साहेब होते, हँडलर होता, म्हातारा होता. कानवाले बाजूला पाण्याचं भांडं धरून उभे होते.

मावशीचं वय झालं तसं साहेब म्हणू लागले, यंदाच्या परीक्षेत बघू. दरवर्षी परीक्षा व्हायची. जे कुत्रं नापास होईल ते पथकातून कमी, आणि मग जो मागेल त्याच्या दारात. पास झाली तर निदान पुढच्या परीक्षेपर्यंत तिची जागा, तिचं अंथरूण आणि तिचे कान कानवाल्यांच्या हातात राहणार होते. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. नातवाचा श्वास की कुत्री, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

परीक्षेची रीत ठरलेली. एका शिपायाने अंगाशी बाळगलेला रुमाल काचेच्या बरणीत ठेवायचा, तोही चिमट्याने. कुणाचा हात लागता कामा नये. शिपाई मैदानातून चालत जाऊन इतर माणसांच्या रांगेत उभा राहतो, आणि कुत्र्याने रुमाल हुंगून नेमकं त्याच्यासमोर जाऊन बसायचं. त्या दिवशी बरण्या भरायचं काम कानवाल्यांकडे आलं. सकाळपासून मावशीचा डावा कान लाल होता. तो साफ करून ते घाईघाईने बरण्यांकडे गेले, आणि मावशीला हुंगवायचा रुमाल बरणीत टाकताना चिमट्यातून निसटला. खाली चिखल होता. पडायच्या आत त्यांनी तो उघड्या हाताने झेलला. बरणीत टाकला, झाकण लावलं आणि मनात म्हणाले, एवढ्याने काय होतंय. जे करू नका म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानीकपाळी ओरडले, तेच केलं, आणि वर स्वतःची समजूतही घातली.

मावशीने रुमाल हुंगला. रांगेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नाक जमिनीला लावून ती वळली, बरण्यांच्या टेबलाला वळसा घातला आणि थेट नळापाशी आली, जिथे कानवाले बादली घेऊन उभे होते. त्यांच्या पुढ्यात बसली आणि तिने ती लांब हाक दिली. रांगेतली माणसं हसली. म्हातारी खाण्याच्या आशेने आली, असं कुणीतरी म्हणालं. कानवाल्यांना आधी अभिमान वाटला, अगदी छाती भरून. मग काय झालं ते कळलं, रुमालावर त्यांच्याच हाताचा वास होता.

ते तसेच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कानवाले, मागच्या खेपेला तिचं पोट बिघडलं होतं. त्याच्या आधी लस टोचली होती. आता तुमचा हात लागला?”

ते पोट आणि ती लस दोन्ही थापा होत्या. सरावात कुठलंही कुत्रं ढेपाळलं की कानवाले काहीबाही सांगून त्याला विश्रांती मिळवून द्यायचे. साहेबांना ते कळायचं आणि ते चालवून घ्यायचे. आता खरं सांगायला गेले, तर तेही त्याच थापांच्या ढिगात जाऊन पडलं. नवा रुमाल घ्या, पुन्हा एकदा हुंगवा, म्हणून त्यांनी हात जोडले. साहेब म्हणाले, निकालावर सही झाली, एकीसाठी परीक्षा घेतली तर सगळ्यांसाठी घ्यावी लागेल. तुमची माया समजते मला, असं म्हणून त्यांनी कानवाल्यांची पाठ थोपटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुमाल निसटला त्या वेळी मावशीचा हँडलर बरण्यांशेजारीच बुटाची नाडी बांधत होता. कानवाल्यांनी त्याला गाठलं.

“पाहिलं मी, काका,” तो म्हणाला. “पण मला नवीन पिल्लू मंजूर झालंय. आता नका ताणू.”

एका रंगाच्या गोदामाच्या मालकाने मावशीला राखणीला मागून नेलं. जिने जन्मात कुणावर दात विचकले नाहीत, तिला राखणीला. थिनरच्या वासात, मागच्या भिंतीशी, साखळीला. कानवाले एकदा जाऊन रखवालदाराला थेंबांची बाटली देऊन आले, कान कसे पुसायचे ते दाखवून आले. तो हो हो म्हणाला. निघताना मावशीही बरोबर निघाली आणि साखळी ताणली गेली. पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

घरी जाताना मात्र ते सायकल गोदामाच्या मागच्या रस्त्याला घालायचे. भिंत उंच, दिसायचं काही नाही. पण ते भिंतीपाशी आले की पलीकडून हाक यायची. रंगाच्या एवढ्या भपकाऱ्यातून तिला ते सापडायचे, रोज. कानवाले सायकलवरून उतरत नसत, पण पाय आपोआप मंद व्हायचे.

मग मालकाचा साहेबांना फोन आला. कुत्री अनोळखी माणसावर भुंकत नाही, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून गळा काढते. हे थांबलं नाही तर लांब कुठेतरी सोडून देऊ. साहेबांनी ही गंमत सगळ्यांसमोर सांगितली.

“बघा कानवाले, नाक गेलंय म्हणत होतो ना मी? कुणी नसताना रडते.”

कानवाल्यांनी तोंड उघडलं. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आधीच तयार होतं. कानवाले बादली उचलून नळाकडे वळले.

त्या संध्याकाळपासून त्यांनी लांबचा, चढाचा रस्ता धरला. गोदामाच्या दिशेला वारा वाहत असला की आणखी वळसा घालायचे. घरी पोहोचेपर्यंत छाती भरून यायची, आणि बायको दारात बादली घेऊन विचारायची की हल्ली एवढा उशीर का. ते कपडे बादलीत टाकून आंघोळीला जायचे.

मालकाचा फोन पुन्हा आला नाही. साहेब एकदा जाता जाता थांबले, म्हणाले, “निवळली हो तुमची मावशी. विसरली सगळं.”

“हो साहेब,” कानवाले म्हणाले, आणि नव्या पिल्लाचा कान उलटा करून त्यात कापूस फिरवू लागले.