कुंपणाशी कुसळी

सकाळी झाडांना पाणी घालताना नळीचे थेंब कुंपणाजवळच्या गवतावर उडाले. वाळून तांबूस-सोनेरी झालेली कुसळी. तिचं कुसळ ओल लागली की स्वतःभोवती फिरायला लागतं आणि दाण्याला मातीत ढकलतं. मी नळी तशीच धरून बघत राहिले.

"काय साहेब, घरात विळा नाही का? रान माजलंय नुसतं!" शेजारचे नाना फाटकातून आत येत म्हणाले. आमचे हे नेहमीसारखे ओशाळं हसले आणि विळा आणायला वळले.

दोन वर्षं हा आळशीपणाचा टोमणा ह्यांनी खाल्ला, आणि मी गप्प. टेकडीवरून येताना साडीच्या काठात रुतलेली कुसळं एकेक काढून मीच इथे पेरली होती. विकत आणलेलं असलं की ती बाग आणि इथल्याच मातीतलं असलं की रान, असं लोक धरून चालतात. मलाही त्या लोकांचीच भीती.

"थांबा," मी म्हणाले. "ते मी लावलंय. दाणे झडले की मीच कापीन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

ह्यांनी वळून पाहिलं. "मग मला का बोलणी खाऊ दिलीस?"

"भित्री आहे म्हणून."

खाली वाकून पायजम्याला चिकटलेलं एक कुसळ ह्यांनी काढलं आणि कडेच्या मोकळ्या मातीत टोचलं.

"इथं जरा विरळ वाटतंय," म्हणाले.

मी नळी तिकडे वळवली.