बाहेरचं कडं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगावं असं जवळ कुणी नव्हतं, हे एक. धाडस नव्हतं, हे खरं.

साठ सालाच्या सुमारास मी नळदुर्गच्या शाळेत गणित शिकवायचो. खोलीवर एकटाच. मागच्या गल्लीत एक म्हातारे साहेब राहत. हयात हैदराबादेत वेधशाळेच्या दुर्बिणीपाशी गेलेली, आता मोतीबिंदूनं नजर गेलेली. कुणा जुन्या सोबत्यानं त्यांना एक मोठा फोटो पाठवला होता. निगेटिव्हसारखा, पांढऱ्या आकाशावर काळे ठिपके. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला, त्या ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडं, शेकडो दीर्घिकांचा दाट समूह. दाट समूहांतला हा आपल्या जवळचा, असं साहेब म्हणत. तरी तिथला उजेड इथवर यायला कोट्यवधी वर्षं लागतात.

फोटोवर मी त्यांच्या सांगण्यावरून कंपासनं एकात एक कडी काढली. दर रविवारी खिडकीशी बसून भिंगातून मोजायचं.

"काठ रेखीव तो तारा, सोडा. काठ पुसट ती दीर्घिका, धरा," साहेब सांगत.

त्यांच्या बेगमना मी चाची म्हणायचो. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबची वस्ती मोजताय मास्तर, आपल्या गल्लीत किती माणसं हायत, ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

आतली कडी मी इमानानं मोजली. मधोमध दोन थोरल्या, भोवती गर्दी, मग विरळ होत जाणारी. शेवटचं कडं मात्र मोजलंच नाही. मोजताना घरात कुणी बोलत नसे, आणि मला बोलणं हवं होतं. अंदाजानं आकडे भरले. खरे वाटावेत म्हणून उत्तरेकडच्या एका भागात जरा जास्त टाकले.

आकडे वाचून दाखवले, तसा साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "उत्तरेला? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मग तिथं दुसरा लहान समूह आहे, मास्तर. मोठ्यात येऊन पडतोय." ते सांगत राहिले. या दीर्घिका इतक्या वेगानं धावतात की दिसतं तेवढ्याच्या ओढीनं एकत्र राहूच नयेत. तरी उधळत नाहीत. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे, आणि त्याच्याच ओढीनं आत येणारा हा लहान समूह त्याचा पुरावा.

पुढं दोन वर्षं ते त्यावर टिपण सांगत होते, मी लिहून घेत होतो. दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. चहा यायचा, गप्पा निघायच्या.

साहेब गेले. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर चाचींनी फोटो आणि टिपण पुढं ठेवलं. त्यांच्यासमोरच तो भाग मी पहिल्यांदा मोजला. चार-दोन पुसट डाग. बाकी रिकामं.

"साहेबांचं बरोबर हाय न्हवं?"

"व्हय, चाची."

"मग पाठवा कुठं पाठवायचं ते."

मी पाठवलं नाही. त्या भेटल्या की विचारत, "जवाब आला का?" मी म्हणायचो, अजून नाही. वर्षभरानं मी ईट गावच्या शाळेत बदली मागून घेतली. का, म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणालो, इथलं पाणी मानवत नाही.