फाटकवाल्याची सुट्टी

गावाखालच्या किनाऱ्यावर, पाइनच्या झाडांत, तंबूंचा एक शांत तळ आहे. तिथे उन्हाळाभर माणसं अंगावर काहीही न घालता राहतात. आमचं गाव कॉर्सिका बेटाच्या डोंगरातलं, देवभोळं; पण गावाचं चीज आणि मध तिथेच खपत असल्यामुळे त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

ओर्सुमामा या तळाचा फाटकवाला. नोकरांनी कपडे घालायचे आणि पाहुण्यांनी घालायचे नाहीत, हा तिथला नियम. किनाऱ्यावर कोणी चड्डी घालून बसलेला दिसला की मामा त्याच्यापुढे उभा राहायचा आणि त्याच्या भुवयांकडे बघून म्हणायचा, "कपडे पिशवीत, नाहीतर पिशवी गाडीत." स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी, तशा आवाजात.

मामाची नजर कोणाच्याही भुवयांखाली उतरत नसे. हॉलंडच्या फेम्केबाई, निवृत्त शिक्षिका, दर वर्षी यायच्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मामाला दोन उन्हाळे कळलं नव्हतं.

मामा निवृत्त झाला तेव्हा जुन्या पाहुण्यांनी मिळून त्याला भेट दिली: समुद्राला लागून असलेल्या जागेवर आठवडाभर मुक्काम, पाहुणा म्हणून. मामाचा चेहरा उतरला. पाहुणा म्हटल्यावर नियम आलाच. नाही म्हणावं, तर इतकी वर्षं हा मनातल्या मनात आपल्याला हसत होता, असं त्या माणसांना वाटणार. हो म्हणावं, तर फाटकावर आता त्याच्याच बहिणीचा मुलगा, सांतू. तो रोज संध्याकाळी गावातल्या बारमध्ये बसतो. म्हणजे मामाला मरेपर्यंत चौकातून मान खाली घालून जावं लागणार.

सावेरियामामीला यात काहीच अवघड दिसत नव्हतं. "जा की," ती म्हणाली. "आजवर मी एकटीने बघितलं. चारचौघांनाही कळू दे, मी काय सोसलंय ते."

मामा गेला. नशीब असं, की तंबू ठोकता ठोकताच गार वारा सुटला. अशा वाऱ्यात तिथली माणसं वर स्वेटर घालतात आणि खाली काही नाही. मामाने स्वेटर घातला आणि विजारही ठेवली. पत्ते वाटताना फेम्केबाई एवढंच म्हणाल्या, की हा वारा फार टिकत नाही. मामा डाव सोडून आभाळ बघून आला.

गुरुवारी वारा पडला. स्वेटर तंबूंत गेले आणि किनाऱ्यावर विजारवाला एकटा मामा उरला. नेमकं त्याच दिवशी फ्रान्सच्या मुख्य भूमीवरून आलेलं एक जोडपं पोहण्याच्या कपड्यांत वाळूवर येऊन बसलं. सांतू त्यांच्याकडे गेला आणि त्याने नियम सांगितला. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतल्या नवऱ्याने शांतपणे मामाकडे बोट दाखवलं.

"आणि ते गृहस्थ?"

सांतू वाळूकडे बघत राहिला. ते माझे मामा आहेत म्हणावं, तर नियम तिथेच संपला. मामांना विजार काढायला सांगावं, तर ते आमच्या खानदानात आजवर कोणी केलेलं नाही. आजूबाजूचे सगळे अचानक आपापल्या पुस्तकांत गढून गेले. फेम्केबाईंचं पुस्तक उलटं होतं.

मामा उठला. स्वेटर, सदरा, विजार, सगळं नीट घडी करून त्याने पिशवीत ठेवलं. मान आणि कोपरांपासून पुढचे हात रापलेले, बाकी सगळा इतका पांढरा, की स्टार्च केलेला शर्ट अजून अंगात आहे असं वाटावं. तसाच चालत तो त्या जोडप्यापुढे गेला, नवऱ्याच्या भुवयांकडे बघितलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. दोघांनी कपडे पिशवीत ठेवले. परत येऊन मामा टॉवेलवर बसला. दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, अशी तिथली रीत. फेम्केबाईंनी पत्ते पिसले.

शनिवारी मामा घरी पलंगावर पालथा पडला होता. मामी त्याच्या उन्हाने भाजलेल्या अंगावर व्हिनेगरची फडकी ठेवत होती. काय झालं ते ऐकायला शेजारचे तिघेचौघे खुर्च्या घेऊन येऊन बसले होते. मामीने सांतूलाच विचारलं.

"काही नाही, मामी," सांतू म्हणाला. "मामा ड्यूटीवर होते."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. ड्यूटीवरच्या माणसाला काय बोलणार?

"पाठ ड्यूटीवर भाजली, कबूल," मामी म्हणाली. "खालचं कुठल्या खात्यात भाजलं?"

मामाने उशीतून तोंड वर काढलं नाही. पुढच्या वेळी सप्टेंबरमध्ये जाईन, तेव्हा ऊन जरा कमी असतं, एवढंच म्हणाला.