शकीलाखालांचा अर्ज

मंडळी, आज दुपारी लेकीच्या जन्मदाखल्यासाठी नगरपरिषदेत गेलो होतो. बाहेर फळ्यावर नोटीस लावलीय: शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी खाजगी भागीदार पाहिजेत.

आत रांगेत उभा होतो, तेवढ्यात आमच्या कंधार वेशीतल्या शकीलाखाला हातात अर्ज घेऊन आल्या. "बाबूसाहेब, मी भागीदार व्हायला आले. माझं बोअर घ्या."

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

बाबूंनी मात्र त्यांना खुर्ची दिली. "खाला, हे कंपन्यांसाठी हाय. पाणी पुरवायचा अनुभव लागतो त्याला."

"मंग? दुष्काळाचा हा तिसरा उन्हाळा हाय. सारी गल्ली माझ्याच बोअरवर पाणी भरून राहिली." मग खाला माझ्याकडं वळल्या. "सांग ना रे ह्यांना!"

माझं हसू तिथंच जिरलं. आज सकाळीच त्यांच्याकडून चार घागरी भरून आणल्या होत्या.

बाबूंनी अर्ज घेतला आणि त्यावर आवकचा शिक्का मारला.

तुमच्या गल्लीचं पाणी सध्या कुणाच्या दारातून येतं? त्या माणसाला तुम्ही कधी भागीदार म्हणालात का? मी तर आज हसून बसलो.