शालिकची धाप

"सिस्टर, मॉर्फिया भरा. याचा तमाशा थांबवा," डॉक्टर म्हणाले.

मी सिरिंज उचललीच नाही.

आमच्या दवाखान्यातल्या खाटेवर शालिक होता. मरोदा गावाकडच्या बांधकामाच्या साइटवरचा खलाशी, म्हणजे लोखंडाच्या तुळईला साखळी बांधून ती क्रेनने वर चढवणारा. वय पंचविशीच्या आतलं. भर दुपारी तो कामावरच कोसळला होता. छाती भात्यासारखी चालली होती. श्वास खोल, जोराचे, एकसारखे. सोबत त्याची बायको पार्बता आणि ठेकेदाराचा सुपरवायझर.

"दारू ढोसून आला, साहेब," सुपरवायझर म्हणाला. "तोंडाचा वास घ्या ना. महिनाभर हेच. घडी घडी पाणी, नाहीतर लघवी. कामचोर आहे."

पार्बता भडकली. "दारूले हात नाही लावत तो! घागरभर पाणी पिऊन राहिला, तरी वाळूनच राहिला. दोनदा इथं आलो. ताकदीच्या गोळ्या देऊन वापस पाठवलं आमाले."

मी वाकून वास घेतला. मोहाची दारू नव्हे. सडक्या फळासारखा गोडसर वास. नागपूरला ट्रेनिंगमध्ये तो एकदा एका पेशंटच्या तोंडाला आला होता, आणि तो पेशंट दगावला होता.

"साहेब, आधी लघवी तपासू द्या."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण मॉर्फियानं श्वास मंदावेल. आणि हा त्या श्वासावरच जगतोय."

हे जरा सोपं करून सांगते. आपल्या शरीरात रोज आम्ल तयार होतं. रक्तातला क्षार ते झेलतो. मूत्रपिंडं ते लघवीतून सावकाश बाहेर टाकतात. आम्ल फार वाढलं की फुप्फुसं धावून येतात: खोल श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतात, तेवढंच आम्ल कमी. मधुमेहात शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं. त्यातून आम्लाचा लोंढा येतो, आणि तोंडाला तो वासही. शालिकची धाप हा तमाशा नव्हता. शरीर जिवाच्या आकांतानं तोल सांभाळत होतं, आणि आम्ही ती धापच बंद पाडायला निघालो होतो.

उत्तराची वाट न पाहता मी बेडपॅनमधली लघवी घेतली. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. म्हणजे लघवीत साखरच साखर.

नळी मी डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

त्यांनी ती घेऊन उजेडात धरली. "इन्सुलिन काढा," एवढंच म्हणाले. "सलाईन लावा."

"म्हणजे दारू नाही?" सुपरवायझरनं विचारलं.

"बाहेर व्हा तुम्ही!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास शांत झाला. शालिकनं डोळे उघडले. पार्बता त्याच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली.

चार दिवसांनी मला मेमो मिळाला. कारण: वरिष्ठांच्या आदेशाचं पालन केलं नाही. ते खरंच होतं. मी सही केली.

मग शालिकचे जुने कागद काढले. दोन्ही वेळा त्यानं तहान आणि लघवी सांगितली होती. दोन्ही वेळा पाच मिनिटांची ती तपासणी कोणी केली नव्हती. दुसऱ्या खेपेला गोळ्या दिल्याची सही माझी होती.

डॉक्टरांवरचा राग वर्षभरात ओसरला. त्या सहीवरचा अजून नाही. तेव्हापासून कोणी फार तहान लागते म्हणालं, की मी आधी नळी तापवते. गोळ्यांचं नंतर बघते.